रिकाम्या घराचं एक मिनिट

१

यातलं एक अक्षर तरी खरं मानून दाखव. मानलं, तं माह्या दातांची कवळी तुले बक्षीस. धुऊन देईन, घाबरू नोको. मी बाई चौथी नापास, मशीनीचं काही सांगतानी चुकलं तं हासजो. पन हासाचं ते आत्ताच हासून घे. पुढं हासाले जागा नाई.

पुलगावले टेसनाच्या मांगं एक गल्ली हाय. तठी नत्थूचं घर. दोन खोल्या, वरून टिन, दारावर चौदा एप्रिलची निळी पताका अजून तशीच. नत्थूनं तीस वर्सं जिनिंगमंदी कापसाच्या फुफाट्यात काढली, अन् तो फुफाटा त्याच्या छातीत बिऱ्हाड करून बसला. श्वास घेतला का शिट्टी, सोडला का खरखर. लोकं म्हनत, नत्थूच्या दाराले घंटी कायले पायजे? रस्त्यावरूनच समजते गडी घरी हाय का नाई.

त्याची एकच पोट्टी, मयुरी. सकाळच्या गाडीनं वर्ध्याले जाते, कॉलेजात पिच्चर काढाचं शिकते. त्या खरखरीतच ती लहानाची मोठी झाली. मैत्रिनीच्या घरी मुक्कामी गेली तं तिले झोपच लागत नसे. म्हने, घर लय चूप हाय तुमचं.

परीक्षेसाठी तिले सात मिनिटांचा पिच्चर कराचा होता. गोष्ट साधी. एक बाई कामावरून घरी येते, घर रिकामं, कोनी नाई, तरी ती बोलत राह्यते. खुंटीवरच्या सदऱ्यासंग बोलते, खाटेसंग बोलते. बाई म्हनून गल्लीतल्या कौशल्याबाईले उभं केलं. शेवया इकते ती, तोंडाचा पट्टा सदा चालू. अन् रिकामं घर म्हनून घेतलं आपलंच घर.

पन घर रिकामं कुठं होतं? बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन. दमेकरी मानसाले कुठं बसवाचं? मंग खोलीच्या मधात लुगडं बांधलं अन् त्याच्या मांगं नत्थूची खाट.

"बाबा, श्वास जरा हळू घ्या ना."

"हळू घेतला तं पुरत नाई व बाई. बंदच करू का एकदम?"

"बाबा!"

"तुह्या पिच्चरसाठी तेबी करीन. किती मिनिटाचा हाय?"

"सात."

"सात काई जमनार नाई," नत्थू म्हने. "एखादं मिनिट मांग."

कौशल्याबाई सदऱ्यापाशी उभी होती, रडाचा सीन होता, अन् ती फिदीफिदी हासाले लागली. सारा दिवस असाच गेला.

२

कॉलेजातल्या सरनं ते आयकलं अन् कानावरचं हेडफोन काढून ठेवलं. "घर रिकामं आहे म्हणतेस, मग हा श्वास कोणाचा?"

मयुरीनं मान खाली घातली. माह्या बाबाचा हाय, असं नाई म्हनलं तिनं. पंखा असन, म्हनाली. तिले त्या गोष्टीची मांगाहून लय लाज वाटली, पन तवा तोंडातून तेच निंगालं.

सचिन नावाचा एक दोस्त हाय तिचा. लग्नाची शूटिंग करते. माईक अन् कार्ड त्याचंच आनलं होतं तिनं. तो म्हने, "सोपं हाय. त्या खोलीचं एक मिनिट घे. कोनी बोलाचं नाई, कोनी हालाचं नाई. जो आवाज आपल्याले नोको, तेवढाच त्या मिनिटात पायजे. मंग मशीनले ते मिनिट दाखवाचं अन् सांगाचं, हे नोको. ते शिकते. साऱ्या पिच्चरातून तेवढंच उचलून काढते."

"बस? इतकंच?"

"इतकंच. पन तू त्या खोलीतच उभी राह्यजो. खोली एकटी सोडू नोको."

"काऊन?"

"मले काय मालूम! मले शिकवनाऱ्यानं सांगतलं, मी तुले सांगतलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी नत्थू जेवून झोपला. मयुरीनं कूलर बंद केला, पंखा बंद केला. खाटेच्या बाजूले स्टूल ठेवला, त्याच्यावर माईक. बटन दाबलं अन् भिंतीले टेकून उभी राह्यली. श्वासबी रोखून धरला.

दहा सेकंद झाले नसतीन, तं बाहेरून बोंब आली. "मयुरे! तुयी बकरी वाळवनात शिरली व! सारे पापड खाल्ले!"

ते शेजारची धुरपता बुढी. सत्तरी पार, पन अंगातली खोडी गेली नाई. नळ कोरडे ठनठनीत असतानी "पानी आलं, पानी आलं" बोंबलाची, अन् बाया पान्याचे गुंड घेऊन धावल्या का ओट्यावर बसून टाळ्या पिटाची. मयुरीले हे माहीत होतं. तरी पाय उचललेच. पापड कौशल्याबाईचे होते ना.

बाहेर बकरी निंबाखाली बांधलेलीच होती. बुढी बिनदाताची हासून राह्यली होती.

"आजी, काम चालू होतं माहं!"

"मंग जाय ना. मी धरून ठेवली का तुले?"

मयुरी परत आत गेली तं मशीन थांबलेलं. बरोबर एक मिनिटावर. तिनं तं काही थांबवलं नोहतं. तिले वाटलं, सचिननंच तसं लावून ठेवलं असन. नत्थू झोपला होता, तोंड स्टुलाकडे. ती गेली तवा भिंतीकडे होतं. उन्हाचा मानूस कूस बदलनारच, तिनं म्हनलं, अन् माईक पिशवीत टाकला. संध्याकाळी सचिन कार्ड घेऊन गेला. त्याच्या आधी तिनं ते मिनिट लॅपटॉपवर उतरवून घेतलं.

३

दोन दिवसांनी, दुपार व्हाच्या जराशी आधी, मयुरी लॅपटॉप घेऊन बसली, अन् मशीनीनं काम मस्त केलं. ते मिनिट दाखवलं, सांगतलं हे नोको, अन् एका टिचकीत साऱ्या पिच्चरातून नत्थू गेला. शिट्टी नाई, खरखर नाई. घर असं रिकामं झालं का कौशल्याबाई हिरीत उभी राहून बोलून राह्यली असं वाटे. मयुरीनं सात मिनिटं दोनदा पाह्यली. ते मिनिट पुसून टाकलं, जागा लागत होती. पिच्चर कॉलेजले धाडून देल्ला.

मंग कानावरचं काढलं अन् भिंतीवरच्या घड्याळाकडे पाह्यलं. काटा पुढं सरकून राह्यला होता. टिकटिक नोहती.

सेल उतरला असन.

तोवर बारा वाजले. रोज बारा वाजले का टिन तापते अन् वरून कोनी ज्वारी टाकल्यावानी तडतडते. त्या दिवशी तडतडलं नाई. मयुरीनं कानात बोट घालून हालवलं. उन्हानं दडे बसले असतीन. पन गाडीची शिट्टी तिले आयकू येत होती. बकरी आयकू येत होती. बाहेर धुरपता कोनाले तरी शिव्या देत होती, त्याबी एक-एक आयकू येत होत्या.

तिनं कोपऱ्यातली काठी घेतली अन् वरच्या टिनाले मारली. हाताले झिनझिन्या आल्या. टिन थरथरलेलं डोळ्यानं दिसलं. आवाज नाई. अजून मारली, जोरानं मारली. वरून माती पडली डोळ्यात. आवाज नाई.

काठी हातात धरून ती उभी राह्यली, अन् तवा तिच्या ध्यानात आलं का घर लय चूप हाय.

तिनं लुगडं बाजूले केलं.

४

नत्थू निजलेलाच होता. अंग गरम, पन छाती हालत नोहती. नाकापाशी हात धरला, वारा नाई. ओठ जांभळे होऊन राह्यले होते.

"बाबा! ओ बाबा! उठा ना जी!"

ती बोंबलली तशी कौशल्याबाई धावत आली, धुरपता आली. कोनी पाय चोळले, कोनी डॉक्टरले फोन लावला. डॉक्टर म्हने, अर्ध्या घंट्यात पोचतो. अर्धा घंटा! मयुरीनं बापाच्या तोंडाले तोंड लावून फुंकलं. हवा आत जायची अन् पालथ्या घागरीवरून पानी जावं तशी बाहेर यायची. छाती उचलेच ना.

मंग ती एकाएकी लॅपटॉपकडे धावली. कौशल्याबाईले वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. बाप मरून राह्यला अन् पोट्टी मशीन उघडते!

सचिनले फोन लावला. "ते मिनिट! तुह्या कार्डावरचं! धाड मले, आत्ता धाड!"

"कार्ड? अवं, काल आर्वीले हळद होती, त्या कार्डावर हळद शूट केली मी. पुसलं ते. काऊन, काय झालं?"

"बाबा..." 

"मयुरी, रडू नोको. काय पायजे तुले, सांग."

"जे काढलं ते वापस पायजे! काढलं ते कुठं जाते? सांग ना, कुठं जाते ते?"

सचिननं आपलाबी लॅपटॉप उघडला. मंग म्हने, "मशीन फेकत नाई काही, तू शिकवलेलं मिनिटबी पोटात ठेवते. पिच्चर उघड. जठून साफ केलं तठीच खाली एक चौकोन हाय. त्याच्यावर टिचकी मार. मंग उलटं होते. पिच्चर आयकू येत नाई, ते नोको म्हनलेलं मिनिटच तेवढं आयकू येते."

तिनं चौकोन शोधला. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा लागलं.

लॅपटॉपातून बारीक आवाज आला. टिक. टिक. टिक. मंग वरून टिन तडतडल्याचा. मंग शिट्टी. मंग खरखर.

अन् खाटेवर नत्थूची छाती उचलली.

कौशल्याबाईनं त्याचे पाय सोडून देल्ले.  शिट्टी आली का छाती वर, खरखर आली का छाती खाली. ओठांचा जांभळा रंग उतरला. मंग आवाज सरला, अन् छाती जठी होती तठीच थांबली.

"सचिन! सरलं ते! सरलं!"

"किती होतं?"

"एक मिनिट!"

"फिरतं ठेव. बाजूले गोल बान हाय, पाह्य. ते दाबलं का पुन्हा पयल्यापासून लागते, आपोआप."

तिनं दाबलं.

५

तवापासून नत्थू त्या एका मिनिटात राह्यते.

इसाव्या सेकंदाले खोकते. चाळिसाव्याले भिंतीकडून स्टुलाकडे कूस बदलते. पंचावन्नाव्याले ओठ हालतात अन् मशीनीतून अन् तोंडातून संगच येते, "मयू, झालं का व?" मंग पुन्हा भिंतीकडे, पुन्हा पयल्यापासून.

डॉक्टर आला. छातीले नळी लावली, म्हने दमा आहे, झोपू द्या. सुई टोचली. दंडावर रक्ताचा थेंब आला. मयुरी पाहत होती. नत्थू खोकला, कूस बदलली, इचारलं, अन् मिनिट फिरलं तसा दंडावर डागच नाई. तोंडात चमच्यानं पानी सोडलं तं मिनिटभर ओठ ओले, मंग कोरडे ठक्क. वर्ध्याले मोठ्या दवाखान्यात नेलं, लॅपटॉप मांडीवर घेऊन. चार दिवस ठेवलं, काही सापडलं नाई, घरी धाडलं. लाइट जाते म्हून सचिननं लग्नातल्या लाइटीची बॅटरी आनून देल्ली. ते बिचारं पोट्टं खाटेकडे पाह्यतच नसे. बॅटरी जोडे अन् निंगून जाये.

पयल्या दिवसापासून मयुरी बापाले उत्तर देत होती. त्यानं "मयू, झालं का व?" म्हनलं का ही म्हने, "होते आता, बाबा." घंट्यात साठ बाऱ्या. आदतच पडली.

एक दिवस तिनं कानाले हेडफोन लावून ते मिनिट नीट आयकलं. टिकटिक. टिन. बाप. अन् त्याच्यासंग अजून काहीतरी. पयले तिले वाटलं, मीच, भिंतीपाशी उभी असलेली. पन तिनं तं श्वास रोखून धरला होता, अन् दहाव्या सेकंदाले बाहेर पळाली होती. तिची चप्पल फटफट करत दाराकडे जातानी आयकू आली. बाहेर बुढीचं हासनंबी आलं बारीक.

त्याच्या बादबी आत श्वास होता. दोन होते. एक खरखरीचा, अन् एक हलका. तो हलका पयले दारापाशी होता, मंग खाटेपाशी, मंग माईकच्या अगदी जवळ, स्टुलावर कोनी वाकल्यावानी. तवा नत्थूनं कूस बदलली. तवा त्यानं डोळे उघडून कोनाले तरी पाह्यलं असन, म्हून इचारलं, "मयू, झालं का व?"

अन् मिनिट सराच्या आधी त्या हलक्यानं श्वास आत ओढला. बोलाच्या आधी मानूस ओढते तसा.

मयुरीनं हेडफोन काढलं अन् खाटेच्या बाजूचा स्टूल उचलून अंगनात फेकून देल्ला. मंग तिनं स्वतःलेच समजावलं. मशीन हाय. पिच्चरातल्या कौशल्याबाईचा श्वास मधात शिरला असन. असं होते. मशीनीत असं होते.

संध्याकाळी आत आली तं स्टूल जागेवरच होता. तिनं धुरपताले इचारलं, आजी, तुमी आनला का? खोडी हाय का तुमची? बुढीनं गळ्याची शपथ घेतली. अन् त्या दिवशी बुढी खरं बोलून राह्यली होती.

६

आठव्या दिवशी दुपारी मयुरीचा डोळा लागला. किती रातींची जागी होती ती. किती वेळ लागला, देव जाने. जाग आली ते आवाजानं. आवाज तिचाच होता. पन तिचं तोंड बंद होतं.

"झा..."

इतकंच. मंग पुन्हा टिकटिक, पुन्हा टिन.

तिनं मशीनीच्या आकड्याकडे पाह्यलं. जठी एक मिनिट होतं, तठी एक मिनिट दोन सेकंद झालते.

ती आकडा वाचून राह्यली, तोवर मिनिट भरत आलं. नत्थूनं कूस बदलली. "मयू, झालं का व?" अन् तो हासला. आठ दिवसांत पयल्यांदा हासला. त्याचा हात खाटेवरून वर उचलला, हवेत थांबला. बोटं अशी वाकली का कोनी त्यात बोटं घातली. खाटेच्या त्या काठाची सुंभं खाली दबली, एका मानसाच्या वजनानं. अन् तिच्याच आवाजात, गोड, लाडानं...

"होते आता!" मयुरी किंचाळली. "होते आता, बाबा! नाई झालं! नाई झालं अजून! थांबा!"

हात खाटेवर पडला. सुंभं वर आली. टिकटिक.

सचिन आला, त्याले सांगतलं. त्यानं आकडा पाह्यला अन् मंग खाली बसला. म्हने, "असं वाढत नाई, मयुरी. कधीच वाढत नाई. जितकं काढलं तितकंच राह्यते."

"मंग हे काय हाय?"

"मले नाई मालूम." अन् मंग हळूच, "बंद करून टाक. बाबाले जाऊ दे."

"मीच त्याहीले नोको म्हनलं होतं," मयुरी म्हने. "मशीनले बोट दाखवून म्हनलं होतं. आता पुन्हा म्हनू? तूच दाब मंग. तुह्या हातानं दाब."

सचिन उठला अन् बॅटरी तपासून निंगून गेला.

७

आता हिशेब साधा हाय. जित्या मानसानं उत्तर देल्लं का ते मिनिट वाढत नाई. नाई देल्लं तं वाढते. त्या हलक्याचं "झालं" पुरं बोलून झालं, का नत्थू गेला. कोनासंग गेला, ते इचारू नोको.

म्हून पाळ्या लावल्या. सकाळी कौशल्याबाई, दुपारी धुरपता, बाकी सारा वेळ मयुरी. कौशल्याबाई शेवया करत करत म्हने, "होते आता, होते आता." मधात कॉलेजातल्या सरचा फोन आला. म्हने, मयुरी, घराचा रिकामेपणा काय सुंदर उतरलाय! आता बाप खोकून राह्यला का नाई ते पाहाचं का सरले हो म्हनाचं? तिनं फोन ठेवून देल्ला.

परवा कौशल्याबाई लेकीच्या बाळंतपनाले गेली. कालपासून मयुरीचा घसा बसला. तोंड हालते, आवाज निंगत नाई. काढे देल्ले, मिठाच्या गुळन्या केल्या. ती बापाच्या कानाले लागून नुस्ती हवा सोडते, "होते आता". अन् मशीनीतला तिचा आवाज खनखनीत हाय. तिचाच होता तो, आता तिच्यापाशी नाई राह्यला.

मंग राह्यली कोन? एकटी धुरपता. धुरपता कोन हे तुले कवाच समजलं असन, तू काही इतका येडा नाई. पापडाची बोंब मीच मारली होती. खोटी. हासाले म्हून.

आता मी बसते तठी. तो इचारते मयूले, उत्तर देते बुढी. "होते आता, बापू." मी आवाज बारीक काढून पाह्यते, पोरीवानी. साऱ्या जिंदगीत नकला केल्या, मास्तराची केली, नवऱ्याची केली, पन हे नक्कल काही साधत नाई. पयले तो माह्या आवाजावर चूप पडे. आज सकाळी त्याच्या कपाळाले आठी पडली. मिनिटात ते आठी नोहती.

अन् त्याच्या बादच्या फेऱ्याले त्यानं इचारलं ते माह्याकडे तोंड करून नाई. स्टुलाकडे तोंड करून इचारलं. मी उत्तर देल्लं. मोठ्यानं देल्लं. आकडा पाह्यला तं एक मिनिट तीन सेकंद.

मयुरी आत बसली हाय, तोंड हालवून राह्यली. तिचं काही आयकू येत नाई त्याले. मी इथं ओट्यावर तुह्यासंग बोलत बसली तितके मिनिटं बिनउत्तराचे गेले.

ऊठ. जाय आता, मले आत जाऊ दे.